झोपेचा हिशोब एकट्या आईकडे का?

दोन फॉर्म डोळ्यांसमोर आणा. पहिला एका गरोदर बाईच्या हातात दिलेला आहे. त्यात विचारलंय: तुमच्या वंशामुळे किंवा रंगामुळे तुम्हाला कधी वेगळी वागणूक मिळाली का? शाळेत? नोकरी मिळवताना? कामाच्या ठिकाणी? घर शोधताना? दवाखान्यात? दुकानात, हॉटेलात? रस्त्यावर? पोलिसांकडून किंवा कोर्टात? प्रत्येक ओळीपुढे हो किंवा नाही. दुसरा फॉर्म त्याच बाईला बऱ्याच महिन्यांनी मिळतो, बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर. त्यातला प्रश्न साधा आहे: तुमचं बाळ रात्री किती तास झोपतं आणि दिवसा किती?

या दोन कागदांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं पटकन वाटत नाही. पण अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात 1999 ते 2002 या काळात गरोदर स्त्रियांना घेऊन ‘प्रोजेक्ट विवा’ नावाचा एक दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. त्यातल्या गोऱ्या नसलेल्या पाचशेहून जास्त आया आणि त्यांची बाळं निवडून संशोधकांनी हे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. ज्या आईने तीन किंवा जास्त ओळींपुढे ‘हो’ लिहिलं होतं, तिचं बाळ सगळीकडे ‘नाही’ लिहिणाऱ्या आईच्या बाळापेक्षा कमी झोपत होतं. सहा महिन्यांच्या वयात हा फरक सर्वांत ठळक होता, पुढे तो ओसरत गेला. 2020 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

ते वाचल्यापासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. बाळ झोपत नाही म्हटलं की सगळं जग आईकडे वळून बघतं. काय खाल्लंस, किती वाजता निजवलंस, अंगावर घेऊन सवय लावलीस का, फोन बघत बसतेस का. ज्या दुकानदाराने, घरमालकाने, मॅनेजरने, नर्सने किंवा पोलिसाने त्या आईचा दिवस नासवला, त्याच्याकडे कुणी बघत नाही. बाळाच्या झोपेत त्या माणसांचा वाटा आहे, आणि तो वाटा त्यांच्या नावावर टाकायला हवा. मला एवढंच म्हणायचंय, पण ते नीट म्हणायला थोडी जागा लागेल.

आधी बाळाच्या झोपेबद्दल. नवजात बाळाला दिवस आणि रात्र कळत नाही. त्याच्या शरीरातलं घड्याळ जन्मानंतर हळूहळू जुळत जातं. साधारण तीन महिन्यांच्या सुमारास मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं संप्रेरक, रात्रीच्या लयीत पाझरायला लागतं. तोवर आईच्या रात्रीच्या दुधातून त्याला थोडं मेलाटोनिन मिळत असतं. आईचा उजेड, आईचा अंधार, तिची उठबस, तिच्या दूध पाजण्याच्या वेळा या सगळ्यांवरून बाळ आपलं घड्याळ लावतं. चार महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाला दिवसभरात, डुलक्या धरून, 12 ते 16 तास झोप लागते असं अमेरिकेतले झोपेचे डॉक्टर सांगतात. ही झोप मेंदूच्या बांधणीची वेळ असते, त्यामुळे तिला चैन समजून चालत नाही.

तर बाळाचं घड्याळ आईच्या घड्याळावरून लागतं. मग आईचं घड्याळ कोण बिघडवतं, हा पुढचा प्रश्न आपण विचारायला नको का?

झोप लागणं म्हणजे पहारा सोडणं. ज्याला पहारा सोडता येत नाही त्याला झोप लागत नाही, लागली तरी ती वरवरची असते. भेदभावाचा खरा त्रास इथे आहे. एखाद्या दिवशी कुणी काही बोललं आणि विसरलं, एवढ्यावर तो थांबत नाही. उद्या पुन्हा कुणीतरी बोलेल, त्याची तयारी आजच करून ठेवावी लागते. डेव्हिड विल्यम्स या समाजशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर 1997 मध्ये रोजचा भेदभाव मोजण्यासाठी एक प्रश्नावली मांडली. तिच्यात मोठ्या घटना नाहीत. लोक तुमच्याशी इतरांपेक्षा कमी अदबीने वागतात का, हॉटेलात तुम्हाला वाईट सेवा मिळते का, लोक तुम्हाला घाबरल्यासारखं करतात का, तुम्हाला अक्कल नाही असं समजून बोलतात का. एकेक प्रश्न किती किरकोळ वाटतो. पण यातल्या दोन-तीन गोष्टी आठवड्यातून एकदा होत असतील, तर त्या बाईला घराबाहेर पडताना दर वेळी अंग आवळूनच पडावं लागतं. संध्याकाळी घरी आल्यावर ते आवळलेलं अंग लगेच सैल होत नाही.

मी अमेरिकेत राहते आणि गव्हाळ रंगाची आहे. माझी मुलगी सहा महिन्यांची असताना तिला तपासणीसाठी नेलं होतं. गाडीत झोपलेली, तशीच उचलून आत नेली. काउंटरवरच्या बाईंनी माझं आडनाव वाचलं आणि एकदम मोठ्या आवाजात, शब्द तोडून तोडून बोलायला लागल्या, जणू मी बहिरी आहे. माझ्या पुढच्या गोऱ्या बाईकडे त्यांनी एकच कार्ड मागितलं होतं. माझ्याकडे विम्याचं कार्ड मागितलं, मग ओळखपत्र, मग दुसरं ओळखपत्र. माझ्या मागे रांग होती. मी हसून सगळं दिलं. हसले याचाच मला नंतर सर्वांत जास्त राग आला.

त्या रात्री अडीच वाजता मुलगी उठली. मी तिला पाजायला घेतलं आणि डोक्यात काउंटर सुरू झाला. असं म्हणायला हवं होतं, तसं म्हणायला हवं होतं. दूध पिऊन झालं तरी ती झोपेना. डोळे टक्क उघडे ठेवून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. थोपटणारा माझा हात किती जोरात पडतोय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नवऱ्याने तिला घेतलं तेव्हा दहा मिनिटांत ती झोपली.

एका रात्रीवरून काही सिद्ध होत नाही, आणि मी ती पुरावा म्हणून सांगत नाहीये. शिवाय माझी गोष्ट हलकी आहे. माझ्याकडे घर होतं, विमा होता, बाळाला घ्यायला दुसरे हात होते, आणि पोलिसाची गाडी मागे लागली तर छातीत जे होतं ते मला माहीत नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय आईला ते माहीत असतं. तिला मुलगा झाला तर त्याच्या बारशाच्या वयापासून ती त्या दिवसाचा विचार करत असते, जेव्हा त्याला रस्त्यावर पोलिसांसमोर हात कुठे ठेवायचे ते शिकवावं लागेल. मी फक्त एवढंच सांगतेय की दुपारी काउंटरवर घडलेली गोष्ट रात्री अडीचला पाळण्यापर्यंत कशी पोचते, ते मी माझ्याच हातात पाहिलं.

आता आक्षेप. एक आक्षेप असा की ही सगळी गरिबीची गोष्ट आहे, वंशाची नाही. दुसरा जास्त चलाख आहे: जी आई मनाने खचलेली असते ती दोन्ही फॉर्म खचलेल्या मनाने भरते. तिला भेदभावही जास्त आठवतो आणि बाळाची जागरणंही जास्त वाटतात. दोन्ही उत्तरं एकाच डोक्यातून आलेली, मग त्यांचा मेळ बसला यात नवल काय?

हा दुसरा आक्षेप मी मनावर घेते, कारण तो प्रामाणिक असू शकतो. म्हणून जिथे आईला कुणी काहीच विचारलं नव्हतं अशा नोंदींकडे जाऊ. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत अरब दिसणाऱ्या, अरब नावाच्या माणसांवर संशयाची जी लाट आली ती सर्वांना माहीत आहे. डायन लॉडरडेल या संशोधिकेने कॅलिफोर्नियाचे जन्मदाखले काढले. हल्ल्यानंतरच्या सहा महिन्यांत अरब नावं असलेल्या आयांना कमी वजनाचं बाळ होण्याचा धोका आदल्या वर्षीच्या त्याच सहा महिन्यांपेक्षा 34 टक्क्यांनी वाढलेला होता. इतर कुठल्याही गटात तशी वाढ नव्हती. हल्ला देशाच्या दुसऱ्या टोकाला झाला होता, भीती सगळ्यांनाच वाटली होती. वजन मात्र एकाच गटाच्या बाळांचं घटलं. जन्मदाखल्यावर वजन लिहिताना आईचा मूड विचारत नाहीत. आणि त्या सहा महिन्यांत या बायका अचानक गरीबही झाल्या नव्हत्या.

दुसरी नोंद आयोवा राज्यातली. पोस्टव्हिल हे तिथलं छोटं गाव, मांस प्रक्रियेच्या कारखान्यावर जगणारं. 12 मे 2008 रोजी इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यांनी त्या कारखान्यावर छापा घातला आणि 389 कामगारांना पकडलं. बहुतेक ग्वाटेमाला आणि मेक्सिकोचे. पुढच्या 37 आठवड्यांत संपूर्ण आयोवात लॅटिना आयांना कमी वजनाचं बाळ होण्याचा धोका आदल्या वर्षीच्या तुलनेत 24 टक्क्यांनी वाढला. यात ज्यांचा जन्मच अमेरिकेत झालेला, ज्यांना कुणी देशाबाहेर काढू शकत नव्हतं, अशा आयाही होत्या. गोऱ्या आयांच्या बाळांच्या वजनात असं काही झालं नाही.

आणि ज्यांना हे सगळं रक्तात, वंशातच असतं असं वाटतं, त्यांच्यासाठी इलिनॉय राज्यातला 1997 सालचा अभ्यास. रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स या दोन डॉक्टरांनी तीन गटांतल्या बाळांची जन्मवजनं ताडून पाहिली. अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या आयांची बाळं सरासरी 3446 ग्रॅमची. आफ्रिकेत जन्मून इथे आलेल्या कृष्णवर्णीय आयांची 3333 ग्रॅमची. आणि अमेरिकेतच जन्मलेल्या, इथेच वाढलेल्या कृष्णवर्णीय आयांची 3089 ग्रॅमची. वजन त्वचेच्या रंगाने ठरत असतं तर मधला गट तिसऱ्याच्या जवळ असता, पण तो पहिल्याच्या जवळ आहे. पुढे त्याच दोघांनी सहकाऱ्यांबरोबर दाखवलं की बाहेरून आलेल्या कृष्णवर्णीय बायकांच्या मुली इथे वाढून आई झाल्या तेव्हा त्यांची बाळं आधीच्या पिढीपेक्षा हलकी भरली, तर युरोपातून आलेल्यांच्या बाबतीत उलटं झालं. एका पिढीत रक्त बदलत नाही. बदलला तो रोजचा दिवस.

ही वजनाची गोष्ट झाली, झोपेची नव्हे, हे मान्य. पण आईला बाहेर मिळणारी वागणूक बाळाच्या शरीरापर्यंत पोचते, हे एकदा जन्मदाखल्यांवर दिसल्यावर ती पाळण्यापर्यंत पोचते या म्हणण्याला ‘आईचा भ्रम’ म्हणून बाजूला सारता येत नाही. सार्वजनिक आरोग्याच्या संशोधिका आर्लीन जेरॉनिमस यांनी 1992 मध्ये या झिजण्याला एक नाव दिलं: ‘वेदरिंग’. ऊन, वारा, पाऊस सोसून भिंत जशी झिजते तसं शरीर झिजणं. भिंतीला कुणी विचारत नाही की तू पावसाचा एवढा ताण का घेतेस.

आईला मात्र विचारतात, आणि माझी सर्वांत मोठी भीती हीच आहे. अशा संशोधनाची बातमी होते तेव्हा तिचा मथळा ‘आईच्या ताणामुळे बाळाची झोप कमी’ असा होतो. भेदभाव करणारा मथळ्यातून निघून जातो आणि आई उरते. मग सल्ले सुरू: ध्यान करा, दीर्घ श्वास घ्या, गरोदरपणात आनंदी राहा, बाळासाठी तरी ताण घेऊ नका. ‘बाळासाठी तरी’ हे दोन शब्द मला फार क्रूर वाटतात. अपमान तिने सोसायचा, त्याचा परिणाम बाळावर होऊ न देण्याची जबाबदारीही तिची, आणि झाला तर दोषही तिचा. एकाच अन्यायाची किंमत तिच्याकडून तीनदा वसूल करायची.

ही वसुली नवी नाही. पुढे गुलामगिरीविरुद्ध लढणारे लेखक आणि वक्ते झालेले फ्रेडरिक डग्लस 1818 च्या सुमारास अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात गुलाम म्हणून जन्मले. तान्हे असतानाच त्यांना आईपासून तोडलं. आई, हॅरिएट बेली, साधारण 12 मैलांवरच्या दुसऱ्या एका शेतावर राबत होती. डग्लस यांनी 1845 मध्ये आत्मकथनात लिहून ठेवलंय की आईला त्यांनी आयुष्यात जेमतेम चार-पाच वेळा पाहिलं, आणि तेही रात्रीच. दिवसभराचं काम उरकून ती अंधारात 12 मैल चालत यायची, लेकराशेजारी आडवी व्हायची, त्याला निजवायची. तो जागा होई तेव्हा ती गेलेली असायची. सूर्य उगवताना शेतात हजर नसेल तर चाबूक. डग्लस सात वर्षांचे असताना ती वारली.

हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचते. त्यातली आई काहीच चुकत नाही. ती येते, शेजारी पडते, निजवते. झोपेबद्दल आजच्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं सगळं ती करते. तिच्याकडे फक्त सकाळ नसते, कारण तिची सकाळ दुसऱ्याच्या मालकीची आहे.

सुमारे दोनशे वर्षांनंतर चाबूक गेलाय. पण मोठ्या दुकानांत आणि हॉटेलांत तासावर काम करणाऱ्या बायकांची सकाळ कुणाच्या मालकीची असते ते बघा. अनेक ठिकाणी पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक शेवटच्या क्षणी लागतं, गिऱ्हाईक कमी असलं तर मधूनच घरी पाठवतात आणि ते तास पगारातून जातात. रात्री दुकान बंद करायची पाळी आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उघडायचीही तीच, याला कामगार ‘क्लोपनिंग’ म्हणतात. डॅनियल श्नायडर आणि क्रिस्टन हार्कनेट या समाजशास्त्रज्ञांनी देशभरातल्या अशा कामगारांची पाहणी करून दाखवलं की ही अस्थिर वेळापत्रकं गोऱ्या नसलेल्या कामगारांच्या, त्यातही बायकांच्या वाट्याला जास्त येतात. एकाच साखळीच्या दुकानांत, सारखंच काम करणाऱ्यांतसुद्धा हा फरक होता. आता या आईला सांगा की बाळाला रोज ठरलेल्या वेळी निजवा. ती कुठल्या वेळी निजवणार? आज आठला ती घरी आहे, उद्या नाही, परवाचं तिला माहीत नाही.

घराबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यावर बरंच लिहिलं गेलंय. 1930 च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या आणि तिथे कर्ज देणं धोक्याचं ठरवलं. असा भेदभाव 1968 च्या कायद्याने बेकायदा ठरला; वस्त्या तिथेच राहिल्या. 108 शहरांच्या अभ्यासात दिसलं की 94 टक्के शहरांत लाल रंगवलेले भाग आजही इतर भागांपेक्षा उन्हाळ्यात जास्त तापतात, सरासरी 2.6 अंश सेल्सिअसने. झाडं कमी, डांबर जास्त. उकडणाऱ्या खोलीत बाळ झोपत नाही, हे सांगायला संशोधक लागत नाही.

दवाखान्याबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण मदत जिथून मिळायची तिथेच दार घट्ट लागलेलं असतं. 2023 मध्ये अमेरिकेत दर एक लाख जन्मांमागे 50.3 कृष्णवर्णीय आयांचा मृत्यू झाला. गोऱ्या आयांचा 14.5. हा आकडा तिथल्या प्रत्येक कृष्णवर्णीय गरोदर बाईला या ना त्या रूपात माहीत असतो. ती तपासणीला जाते ती हे ओझं घेऊनच. त्याच वर्षी सरकारच्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, आयांची एक पाहणी केली. बाळंतपणाच्या काळात वाईट वागणूक मिळाली असं पाचांतल्या एकीने सांगितलं. कृष्णवर्णीय आयांत हे प्रमाण 30 टक्के होतं. आणि 45 टक्के आयांनी सांगितलं की आम्ही प्रश्न विचारायचं किंवा मनातली शंका बोलायचं टाळलं.

आता बाळाच्या झोपेची गोष्ट या खोलीत आणून बघा. अमेरिकेत दरवर्षी साधारण 3,500 बाळं झोपेत अचानक दगावतात. कृष्णवर्णीय बाळांत हे प्रमाण गोऱ्या बाळांच्या दुपटीहून जास्त आहे. म्हणून बालरोगतज्ज्ञ सांगतात: बाळाला उताणं निजवा, कडक सपाट गादीवर, त्याच्या स्वतःच्या पाळण्यात, पण निदान पहिले सहा महिने तुमच्याच खोलीत. चांगला सल्ला आहे, जीव वाचवणारा. डॉक्टर फॉर्मवर विचारतात, बाळ कुठे झोपतं? समजा, खरं उत्तर असं आहे की माझ्या अंगावर, सोफ्यावर, कारण मी काल रात्री अकराला कामावरून आले आणि पाजता पाजता तिथेच डोळा लागला. सोफ्यावर बाळ घेऊन झोपणं सर्वांत धोक्याचं. हे डॉक्टरला कळायलाच हवं. पण ती लिहिते: पाळण्यात.

खोटं का लिहिते? बालकल्याण खात्याची माणसं घरी येतील ही तिची भीती खोटी नाही. अमेरिकेत वयाची 18 वर्षं पूर्ण होईतो सुमारे 37 टक्के मुलांच्या घराची या खात्याकडून चौकशी होते. कृष्णवर्णीय मुलांत 53 टक्के. म्हणजे दोघांत एकाहून जास्त. तिच्या ओळखीत कुणाचं तरी लेकरू चौकशीत अडकलेलं असतं. खरं लिहून मदत मिळेल की घरावर नजर बसेल, याचा अंदाज ती तिच्या अनुभवावरून बांधते, आणि तो अनुभव तिला ‘पाळण्यात’ असं लिहायला लावतो. डॉक्टर खूण करतात, माहितीपत्रक देतात, पुढची आई आत येते. भेदभाव बाळाच्या झोपेपर्यंत पोचण्याचा हाही एक रस्ता आहे, आणि इथे तर त्याने बाळाचा जीवही जाऊ शकतो.

म्हणजे आईला काही शिकवायचंच नाही, असं मी म्हणत नाही. जॉर्जिया राज्यात पहिलटकरीण कृष्णवर्णीय आयांसाठी एक कार्यक्रम झाला. बाळ तीन आणि आठ आठवड्यांचं असताना शिकवलेली माणसं घरी गेली. रडण्याला लगेच दूध हेच उत्तर असतं असं नाही, आधी थोपटून बघा, बाळ पेंगुळलेलं पण जागं असताना खाली ठेवा, निजायची एक ठरावीक रीत पाळा, असं सगळं बसून दाखवलं. सोळा आठवड्यांच्या वयात त्या बाळांची रात्रीची झोप, आयांनी सांगितल्याप्रमाणे, इतरांपेक्षा सरासरी 40 मिनिटांनी जास्त होती. चाळीस मिनिटं! ज्या घरात बाळ आहे तिथे चाळीस मिनिटांची किंमत विचारा. असे कार्यक्रम व्हावेत, भरपूर व्हावेत, सरकारी पैशाने व्हावेत.

मात्र या कार्यक्रमात काय झालं तेही बघा. आईच्या हातात नुसता कागद दिला नाही. माणूस तिच्या घरी गेलं, तिच्याशी आदराने बोललं, तिच्या बाळाला नावाने ओळखलं. दवाखान्याच्या काउंटरवर जे मिळत नाही ते तिला सोफ्यावर बसून मिळालं. माझा कयास असा की परिणामातला काही भाग त्या युक्त्यांचा असेल आणि काही भाग त्या वागणुकीचा.

त्यामुळे मला वाटतं, बाळाची झोप हा विषय बालरोगतज्ज्ञांच्या हाती सोपवून कायदेमंडळांनी मोकळं होऊ नये. अमेरिकेत आजही बाळंतपणाची भरपगारी रजा देणारा सर्वांना लागू असा केंद्रीय कायदा नाही. 1993 चा कायदा 12 आठवड्यांची रजा देतो, तीही बिनपगारी, आणि 50 पेक्षा कमी माणसांच्या कंपनीत नाही, वर्षाच्या आत लागलेल्या नोकरीत नाही. अटी मोजता मोजता सुमारे 44 टक्के कामगार त्याच्या बाहेर पडतात. बिनपगारी रजा घेणं ज्यांना परवडतं त्यांनाच ती मिळाली, असा त्याचा सरळ अर्थ. कॅलिफोर्नियाने 2004 पासून पगाराच्या काही भागासह रजा सुरू केली, मॅसॅच्युसेट्सने 2021 पासून. म्हणजे हे होऊ शकतं. बाळंतपणानंतर गरिबांच्या सरकारी विम्याचं, मेडिकेडचं, संरक्षण पूर्वी 60 दिवसांत संपायचं. 2021 च्या कायद्याने राज्यांना ते वर्षभर वाढवायची मुभा दिली आणि बहुतेक राज्यांनी ती घेतली. बाळ सहा महिन्यांचं असताना, जेव्हा ते दोन फॉर्म एकमेकांशी जुळतात, तेव्हा आईला डॉक्टर असणं ही त्यामुळे आता शक्यता तरी झाली.

पण रजा आणि विमा याने जागरण करणाऱ्या आईला आधार मिळेल; जागरण घडवणाऱ्याला जाब विचारला जाणार नाही. तो विचारायचा तर घर नाकारणाऱ्या मालकाविरुद्धची तक्रार महिनोन्‌महिने पडून राहता कामा नये. प्रसूतिगृहांनी मृत्यूंचे आकडे वंशवार जसे मोजले जातात तसे वागणुकीच्या तक्रारींचेही मोजून जाहीर करायला हवेत. बाळ कुठे झोपतं हे खरं सांगणाऱ्या आईला पहिली मदत पाळणा मिळावा, चौकशी नव्हे. अपमान करणारी व्यवस्था तशीच ठेवून आईला शांत राहायला शिकवणं मला मान्य नाही.

ऑरेगन राज्यात 2017 मध्ये एक कायदा झाला. दुकानं, हॉटेलं आणि खाण्याच्या ठिकाणांच्या ज्या मालकांकडे 500 किंवा जास्त माणसं आहेत, त्यांना आता 14 दिवस आधी वेळापत्रक लावावं लागतं, आणि दोन पाळ्यांमध्ये 10 तासांची मोकळीक द्यावी लागते, नाहीतर त्या वेळेचे जादा पैसे. या कायद्याच्या मसुद्यात बाळ हा शब्द शोधायला गेलात तर मिळणार नाही, आणि त्याच्याकडे तान्ह्या बाळांच्या आरोग्याचा कायदा म्हणून कुणी बघतही नाही. पण रात्री अकराला दुकानाचं शटर ओढणाऱ्या आईला दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत कुणी बोलावणार नाही, याची तो बऱ्यापैकी हमी देतो. त्या दहा तासांत घरी पोचून ती बाळाला कुशीत घेऊ शकते, पाजून पाळण्यात ठेवू शकते, आणि सकाळी ते डोळे उघडेल तेव्हा तिथे असू शकते.